बुचातल्या कोठड्या

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेची भिंत गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी रंगवायची निघाली आणि ते काम साहजिकच माझ्याकडे आले. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि शाळेला चिकटलो. कादंबऱ्या लिहितो, तो उद्योग शाळा सुटल्यानंतरचा. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच की, विज्ञानाच्या बाईंना बेडूक, फुफ्फुस किंवा जास्वंदीचे फूल फळ्यावर मोठे करून हवे असले म्हणजे त्या मला हाक मारतात.

"सर, भिंतीवर पेशी काढा," बाई म्हणाल्या. "चांगली पुरुषभर उंचीची. ती किती लहान असते हे सांगता सांगता माझा घसा बसतो. पोरांना एकदा ती मोठी पाहू द्या."

मी रंग कालवीत होतो. हाताखाली आठवीतली दोन मुले होती. त्यांतल्या एकाने विचारले, "सर, पेशी म्हणजे कोर्टातलीच काय जी?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की, आमच्या वऱ्हाडात कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. या मुलाच्या बापाचा दोन एकरांचा दावा तालुक्याला चालू आहे आणि दर महिना-दोन महिन्यांनी त्याची पेशी निघते. तेव्हा पेशी हा शब्द त्या घरात रोजच्या भाकरीसारखा. दुसरा मुलगा सेमी-इंग्रजीचा. तो हसून म्हणाला, "अरे, पेशी म्हणजे सेल!" त्यावर पहिला म्हणाला, "सेल त रिमोटमधी राहते." नेमकी त्याच वेळी रस्त्याने एका कापडदुकानाची रिक्षा कर्णा लावून 'दिवाळीनिमित्त महासेल' असे ओरडत गेली. आम्ही तिघेही पोट धरून हसलो.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू ओसरले. कारण मुलाने विचारलेला प्रश्न मोठा होता आणि त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. शिवाय हा शब्द मला अगदीच परका होता असेही नाही. चार वर्षांपूर्वी तो आमच्या घरात एका वेगळ्याच वाटेने शिरला होता. ते पुढे सांगतो. तूर्त एवढेच की, मी नंतरचे कित्येक महिने या एका शब्दामागे लागलो, आणि त्या पायपिटीत जे हाती आले ते वाचकांच्या फराळाच्या ताटाशेजारी मांडून ठेवीत आहे.

रिक्षावाल्याचा सेल मूळचा इंग्रजीतला निराळा शब्द, त्याचा येथे संबंध नाही. मुलांचे दोन्ही सेल मात्र एकाच घरातले. ते घर म्हणजे लॅटिनमधील 'सेला'. लॅटिनमध्ये सेला म्हणजे लहान खोली. रोमन माणूस धान्य, तेल, दारू जिथे साठवी ती सेला. गुलाम जिथे झोपत ती सेला. देवळात मूर्ती जिथे उभी असे तो गाभाराही सेलाच. आपल्याला हे परके वाटू नये, कारण आपली 'कोठी' अगदी अशीच आहे. धान्याची ती कोठी, कैद्याची ती कोठडी, आणि वैद्याच्या भाषेत पोटालाही कोठाच म्हणतात. झाकणे, लपविणे या अर्थाच्या एका पुरातन धातूपासून सेला निघाली असे विद्वान सांगतात. आणि काही व्युत्पत्तिकोश तर संस्कृत 'शाला' या शब्दालाही याच कुळात बसवितात. तसे असेल तर ज्या शाळेच्या भिंतीवर मी सेल काढीत होतो ती शाळा आणि तो सेल हे दूरचे चुलतभाऊच म्हणायचे.

रोमनांच्या राज्यात मधमाशीच्या पोळ्यातल्या घरट्यांनाही सेला म्हणत. व्हर्जिल कवीने आपल्या शेतीवरच्या काव्यात मधमाश्यांच्या प्रकरणी हाच शब्द योजला आहे. पुढे रोमनांचे राज्य गेले, पण लॅटिन मठांतून शिल्लक राहिली. मठातल्या संन्याशाची एकट्याची खोली म्हणजे सेल, हा अर्थ घेऊन तो शब्द इंग्रजीत उतरला. मधमाशीचा अर्थही मागोमाग आला. आणि मग तो एका अशा माणसाच्या हाती पडला की, ज्याच्याविषयी लिहिताना माझा हात थोडा रेंगाळणार आहे. वाचकांनी तेवढी मुभा द्यावी.

रॉबर्ट हूक १६३५ साली इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर एका पाद्र्याच्या घरी जन्मला. प्रकृतीने रोडका. चित्रे काढण्याचा नाद. तेरा वर्षांचा असताना वडील वारले, तेव्हा त्यांनी मागे ठेवलेली थोडी पुंजी घेऊन पोरगा लंडनला आला आणि पीटर लेली नावाच्या नामांकित चित्रकाराकडे उमेदवारीला राहिला. तेथे तो टिकला नाही. तैलरंगांच्या वासाने त्याचे डोके दुखे, असे एक कारण सांगतात. मग तो वेस्टमिन्स्टरच्या शाळेत गेला. तेथे बझ्बी नावाचे मोठे करडे हेडमास्तर होते. त्यांच्या हाताखाली तो लॅटिन आणि ग्रीक शिकला. चित्रकाराचा डोळा आणि लॅटिनची बैठक या दोन गोष्टी एका माणसात अशा रीतीने एकत्र आल्या. त्या एकत्र आल्या नसत्या तर आजचा हा लेख झाला नसता.

१६६२ मध्ये हूक रॉयल सोसायटीच्या नोकरीत शिरला. काम असे की, दर आठवड्याच्या बैठकीत सभासदांना नवे प्रयोग करून दाखवायचे. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल ते चितारायला घेतले: सुईचे टोक, वस्तऱ्याची धार, माशीचा डोळा, बुरशी, बर्फाचे कण. १६६५ साली, म्हणजे आपल्याकडे ज्या वर्षी पुरंदरचा तह झाला त्या वर्षी, या चित्रांचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात ३८ चित्रफलक होते. ऊ आणि पिसू यांची चित्रे इतकी मोठी की, ती घड्या उलगडूनच पाहावी लागत. सॅम्युएल पीप्स या रोजनिशीकाराने ते पुस्तक आणून रात्री दोन वाजेपर्यंत वाचले आणि इतके कल्पक पुस्तक आपण जन्मात वाचले नाही, अशी त्याची नोंद आहे. उवेचे चित्र पाहत एक सरकारी अंमलदार रात्र जागवतो, हे दृश्य मला फार आवडते.

याच ग्रंथातल्या अठराव्या निरीक्षणात बूच येते. बाटलीचे बूच. आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचे जे बुचाचे झाड असते ते हे नव्हे. हे स्पेन-पोर्तुगालकडील एका ओकची साल. बूच इतके हलके का, ते दाबले तर दबते आणि सोडले तर फुगते का, पाण्यावर तरंगते का, असा हूकचा प्रश्न होता. त्याने चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली, बुचाचा अतिशय पातळ काप काढला, तो पांढरा असल्यामुळे काळ्या तबकडीवर ठेवला आणि भिंगाने त्यावर उजेड पाडला. पांढऱ्यासाठी काळी पार्श्वभूमी! हे चित्रकारालाच सुचावे. त्याला दिसले ते मधाच्या पोळ्यासारखे. भिंती आणि भिंतींच्या मध्ये रिकाम्या जागा. या जागांना त्याने छिद्रे म्हटले, आणि सेल म्हटले.

पुष्कळ पुस्तकांतून असे सांगतात की, हूकला संन्याशांच्या खोल्या आठवल्या. गोष्ट सुंदर आहे, पण हूकने स्वतः नाव घेतले ते पोळ्याचे. मला वाटते, मठ हा नंतरच्या कोणा मास्तराने वर्ग रंगविण्यासाठी बांधला असावा. आम्ही मास्तर असे उद्योग करतो.

मग हूकने मोजायला घेतले. इंचाच्या अठराव्या भागात त्याला सुमारे ६० कोठड्या आढळल्या. म्हणजे एका इंचात १०८०. चौरस इंचात ११ लाख ६६ हजार ४००. घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. हा आकडा त्याने पूर्ण लिहिला आहे, आणि डोळ्यांनी खात्री पटली नसती तर आपलाही यावर विश्वास बसला नसता अशा अर्थाचे काही म्हटले आहे. एका बुचात एवढ्या कोठड्या, आणि प्रत्येकीत नुसती हवा. म्हणून बूच हलके. प्रश्न सुटला.

प्रश्न सुटला खरा, पण शब्द अडकला तो तेथेच. कारण बूच ही मेलेली साल. तिच्यातला जीव केव्हाच निघून गेलेला असतो आणि मागे राहतात त्या भिंती. हूकने पाहिले ते ओसाड गाव होते. घरे उभी, माणसे गेलेली. त्या ओसाडीला दिलेले नाव पुढे साऱ्या सजीव सृष्टीला चिकटले. हूकवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो की, हिरव्या वनस्पतींत या कोठड्या रसाने भरलेल्या असतात हे त्याने पाहिले होते आणि तसे लिहिलेही होते. पण तो रस इकडून तिकडे नेणाऱ्या या वाटा असाव्यात एवढीच त्याची समजूत होती. एका कोठडीतून दुसरीत जाण्याचे दार तो शोधत राहिला. ते त्याला सापडले नाही.

हे नाव टिकेलच असेही तेव्हा काही नव्हते. इटलीत माल्पिघी नावाच्या वैद्याने १६७०च्या दशकात त्याच वस्तूला 'उट्रिक्युलस' म्हटले. म्हणजे कातड्याची लहान पिशवी, आपली बुधली म्हणा. इंग्लंडातल्या ग्रू नावाच्या दुसऱ्या वैद्याने त्यांना फुगे म्हटले. दोघांच्याही मनात काहीतरी भरलेले होते. माल्पिघीचा शब्द टिकता तर आज प्रयोगशाळेच्या भिंतीवर मी बुधली काढीत असतो आणि ते नाव वस्तुस्थितीला अधिक धरून झाले असते.

त्याच सुमारास हॉलंडातील डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडदुकानदार घरी घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबात हिंडणारे जीव पाहत होता. १६७४ मध्ये त्याने रक्तातल्या तांबड्या कणांचेही वर्णन केले. त्याला लॅटिन येत नव्हते. तो आपल्या डच भाषेत पत्रे लिही आणि रॉयल सोसायटी ती भाषांतरित करून छापी. १६८० मध्ये त्याला सोसायटीचा सभासदही करून घेतले. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे या माणसाविषयी मला जास्तच आपुलकी वाटते. ज्या जिवंत पेशी हूकला बुचात दिसल्या नाहीत त्या या कापडवाल्याने पाहिल्या. पण त्याने त्यांना सेल म्हटले नाही. पाहणारा एक आणि नाव देणारा दुसरा, असे झाले.

पुढची सुमारे दीडशे वर्षे मी भरभर ओलांडतो. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला आमरीच्या जातीच्या फुलझाडांत प्रत्येक कोठडीच्या आत एक गडद ठिपका दिसला. त्याला त्याने लॅटिन नाव दिले 'न्यूक्लिअस', म्हणजे फळाच्या कवचातला गर. आपण केंद्रक म्हणतो. ग्रीकवाल्यांनी याच वस्तूसाठी 'कारिऑन' हा अक्रोड-बदामासारख्या फळाचा शब्द पुढे उचलला. कोठीत आता निदान एक अक्रोड सापडला होता.

१८३८ मध्ये श्लायडेन या वकिली सोडून वनस्पतिशास्त्राकडे वळलेल्या जर्मनाने सांगितले की, वनस्पती म्हणजे या कोठड्यांचीच रचना. बर्लिनमध्ये एकदा जेवता जेवता तो केंद्रकाविषयी बोलत असता समोर बसलेल्या थिओडोर श्वानला आठवले की, असेच काहीतरी आपण प्राण्यांच्या शरीरातही पाहिले आहे. १८३९ मध्ये श्वानचे पुस्तक निघाले, आणि झाड, बेडूक, माणूस ही सारी एकाच विटेने बांधलेली ठरली. प्राण्यांच्या पेशीला वनस्पतीसारखी जाड भिंत नसते. म्हणजे जिला भिंतच नाही तिलाही खोली हेच नाव मिळाले. शब्द एकदा चालू लागला की तो असा मागे वळून पाहत नाही.

त्याच वर्षी पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने आतल्या द्रव्यासाठी 'प्रोटोप्लाझम' हा ग्रीक शब्द वापरला. प्रोटोस म्हणजे पहिला, प्लाझ्मा म्हणजे घडविलेले. पहिल्याने घडले ते. १८४६ मध्ये फॉन मोल याने तो वनस्पतींना लावला. इतकी वर्षे भिंतींना नाव होते, आता आत राहणाऱ्याला मिळाले. ग्रीकने येथे तरी न्याय केला, असे मला वाटले होते. पण पुढे पाहतो तो पेशीसाठी ग्रीकने दिलेला शब्दही तसाच. 'किटोस' म्हणजे पोकळ भांडे, घट. त्यावरून पेशीशास्त्राचे सायटॉलॉजी हे नाव झाले आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीचे ल्युकोसाइट, म्हणजे पांढरा घट. लॅटिन म्हणते रिकामी खोली, ग्रीक म्हणते रिकामा घट. दोन्ही थोर भाषा आणि दोघींच्याही हाती भांडेच आले.

एक प्रश्न राहिला होता, नवी पेशी कोठून येते? श्लायडेन आणि श्वान म्हणत, द्रवातून स्फटिक धरावा तशी ती धरते. ते चूक होते. रोबेर्ट रेमाक याने १८५२ मध्ये ठामपणे मांडले की, पेशी पेशीच्या विभाजनातूनच होते. रेमाक ज्यू होता आणि धर्म सोडायला तयार नव्हता. प्रशियाच्या कायद्यानुसार त्यामुळे त्याला विद्यापीठात शिकविण्याची बंदी होती. राजाकडे दाद मागून १८४७ मध्ये कुठे त्याला साधा व्याख्याता होता आले. पूर्ण प्राध्यापकपद त्याला मरेपर्यंत मिळाले नाही. रुडॉल्फ फिर्खो याने १८५५ मध्ये तीच गोष्ट एका छोट्या लॅटिन सूत्रात बसविली: प्रत्येक पेशी पेशीपासून. हे सूत्र जगभर गाजले आणि फिर्खोच्या नावावर चढले. शब्दशः पाहिले तर त्याचा अर्थ होतो, 'प्रत्येक कोठडी कोठडीपासून'. खोलीला खोली होत नसते. पण तोवर कोणाला त्या शब्दात खोली ऐकूच येत नव्हती.

फिर्खोचे नाव आले, आता मागे सांगायचे ठेवले होते ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या आईला सारखा थकवा येऊ लागला. हातापायांवर काळेनिळे डाग उठत. नागपूरला नेले. तेथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून कागदावर एक शब्द लिहिला: ल्युकेमिया. हा शब्द फिर्खोने १८४७ मध्ये घडविला. त्याच्या दोन वर्षे आधी, चोवीस वर्षांचा असताना, बर्लिनच्या रुग्णालयात पन्नाशीच्या एका स्वयंपाकिणीचे शव तपासताना त्याला तिच्या रक्तवाहिन्यांत तांबड्यापेक्षा पांढऱ्या कणांचीच गर्दी आढळली. एडिंबरोच्या बेनेट नावाच्या डॉक्टरने थोडे आधी तसेच पाहून त्याला पू म्हटले होते. फिर्खोला तो पू वाटला नाही. मग काय, हेही त्याला माहीत नव्हते. म्हणून डोळ्यांना दिसले तेवढेच नाव त्याने दिले, प्रथम साध्या जर्मनमध्ये 'पांढरे रक्त', आणि मग तेच ग्रीकमध्ये. ल्युकोस पांढरे, हायमा रक्त.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी सांगितले ते इतके की, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत. आईने मला विचारले, "काय म्हणाले रे?" मी म्हटले, "रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्या." ती म्हणाली, "पांढरं रक्त असते काय कुठं?" तेवढ्यात नर्सबाई तपासणीसाठी पुन्हा रक्त काढायला आल्या. काचेच्या नळीत ते चढताना आई मान वळवून टक लावून पाहत होती. "हे पाय," ती म्हणाली, "लालच तर आहे." आणि तिचा चेहरा इतका सैल झाला की मी पुढे काही बोललो नाही. डॉक्टरांचे नाव चुकले आहे, तेव्हा दुखणेही चुकलेच असणार, असा तिने मनाशी हिशेब केला होता. त्यानंतर ती सात महिने जगली. या रोगाच्या काही प्रकारांवर आता नुसत्या गोळ्यांनी वर्षानुवर्षे काढता येतात. तिचा प्रकार त्यांतला नव्हता.

म्हणून म्हणतो की, हा शब्द मला परका नव्हता. पण त्या वेळी पेशी म्हणजे काय असे तिने विचारले असते तर मला सांगता आले नसते. वरच्या सगळ्या माहितीतले अक्षरही माझ्याजवळ नव्हते. होता तो फक्त 'पेशी' हा मराठी शब्द.

आणि त्या मराठी शब्दाची गोष्ट तर याहून मजेची आहे. गुजराती आणि बंगालीने सेलसाठी कोष घेतला, हिंदीने कोशिका. म्हणजे पुन्हा पेटी, म्यान, खजिना, लॅटिनचीच वाट. मराठीने घेतला पेशी. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुताने शरीराची मोजदाद करताना ५०० पेशी सांगितल्या आहेत. त्याच्या या पेशी म्हणजे आजचे स्नायू. आणि त्याचे ९०० स्नायू म्हणजे सांधे बांधणारे दोर. तेव्हा स्नायूने पेशीची जागा घेतली आणि पेशी उठून सेलच्या जागी जाऊन बसली. गर्भाची दुसऱ्या महिन्यातली रूपे सांगतानाही सुश्रुत एका रूपाला पेशी म्हणतो. आदिपर्वात गांधारीला झाली ती मांसपेशीच. व्यासांनी तिचे एकशे एक भाग करविले आणि ते तुपाच्या कुंडांत ठेवले, त्यांतून कौरव आणि दुःशला झाली. पेशी, तिचे विभाजन, आणि वर घट! आपल्या पूर्वजांना सायटॉलॉजी ठाऊक होती असे यावरून कोणी सिद्ध करू लागेल, तर मी त्यात नाही. कथा ती कथा. पण शब्द निवडणाऱ्याचा हात मात्र शुभ होता असे मला वाटते. युरोपने मेलेल्या सालीकडे पाहून नाव ठेवले. आपला शब्द पहिल्यापासून ओला, भरलेला आणि वाढणारा आहे.

कोर्टातली पेशी वेगळी. ती फारसी 'पेश'वरून, म्हणजे पुढे, समोर. पेशव्यातला पेश तोच. दोन्हींचे उच्चार एक झाले एवढाच त्यांचा संबंध. आणि रिमोटमधला सेल? विजेच्या पहिल्या बॅटऱ्यांत एका लांब लाकडी डोणीत खण पाडून धातूचे पत्रे बसवीत. खण म्हणून सेल. मोबाइलला इंग्रजीत सेल्युलर म्हणतात तेही असेच; मुलखाचे मधाच्या पोळ्यासारखे षट्‌कोनी खण पाडून प्रत्येक खणाला एक मनोरा द्यावा, ही कल्पना अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये निघाली. हूकचे पोळे आज सगळ्यांच्या खिशात आहे.

चुकीचे नाव बदलावे काय? मला तसे वाटत नाही. अभ्यंगाला आपण खोबरेल तेल लावतो. तेल म्हणजे खरे तर तिळाचे तेवढेच. मी रोज वह्या तपासतो ती लाल शाईने. आणि शाई शब्दातच फारसीची काळी 'स्याही' बसलेली आहे. तिळाशिवाय तेल चालते, काळेपणाशिवाय शाई चालते. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असाव्यात असा आजचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुसंख्य रक्तातल्या तांबड्या पेशी, आणि त्या तयार होताना आपले केंद्रक बाहेर टाकून देतात. म्हणजे निदान त्यांच्यापुरती कोठी पुन्हा थोडी रिकामीच की.

हूकचे पुढे न्यूटनशी बिनसले. लंडन १६६६ मध्ये जळाले तेव्हा शहराच्या पुनर्रचनेसाठी त्याने मोजण्या केल्या, इमारती उठविल्या. १७०३ मध्ये तो वारला. उवेचे केस न् केस चितारणाऱ्या या माणसाचे स्वतःचे, खात्रीने त्याचेच म्हणता येईल असे एकही समकालीन चित्र उपलब्ध नाही. भिंतीवरच्या पेशीशेजारी त्याचा चेहरा काढावा असे माझ्या मनात होते. ते राहून गेले. त्याऐवजी कोपऱ्यात मी एक बाटलीचे बूच काढले.

पेशी पाच दिवसांत पुरी झाली. बाहेरची रेघ बारीक ठेवली आणि आतला भाग भरगच्च रंगविला. बाईंनी पुस्तक समोर धरून एकेक वस्तू तपासून घेतली आणि दोन ठिकाणी माझी चूक काढली. आठवीतल्या त्या मुलाला मी वरचे सगळे माझ्या परीने सांगितले. दोन पेशी वेगळ्या, हे त्याला पटकन पटले. गांधारीची गोष्ट त्याने दोनदा ऐकली. चित्राखाली नाव लिहायचे होते ते मी त्यालाच लिहायला दिले, कारण त्याचे अक्षर माझ्यापेक्षा वळणदार आहे. शिडीवर चढून, जीभ दाताखाली धरून त्याने ती दोन अक्षरे घोटली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर चित्र पाहायला आले तेव्हा मी त्याला हाक मारली. तो वर्गात नव्हता. बापाबरोबर तालुक्याला पेशीला गेला होता.